जेपीजी, जेपीईजी, जेपीई: एकाच फोटोची इतकी स्पेलिंगं कशाला?

बडोद्यातल्या कारेलीबागेतून एका ताईंचा प्रश्न आला आहे. मुलीच्या प्रवेशाचा फॉर्म मोबाइलवर भरायला घेतला, फोटो लगेच चढला. पण बाकीचा फॉर्म मोबाइलच्या एवढ्याशा स्क्रीनवर भरवेना, म्हणून लॅपटॉपवर नव्याने सुरुवात केली. तोच फोटो व्हॉट्सॲप वेबवरून उतरवून चढवला, तर 'फाइलचा प्रकार चालत नाही' असं लाल अक्षरांत आलं. मोबाइलवर नावाच्या शेवटी जेपीजी होतं, लॅपटॉपवर जेपीईजी. त्यात एका स्टुडिओवाल्याने भर घातली: "जेपीईजी म्हणजे ओरिजिनल, जेपीजी म्हणजे दाबलेली. नाव बदललंत तर क्वालिटी जाईल." ताई विचारतात, हे खरं का? आणि एकाच गोष्टीची दोन स्पेलिंगं ठेवली कोणी?

ताई, 'ई' बिनधास्त काढा आणि फॉर्म भरा. जेपीजी आणि जेपीईजी यांत काडीचा फरक नाही. स्टुडिओवाल्याचं म्हणणं बाजारात इतकं पसरलंय की रावपुऱ्यात आमच्या स्कॅनिंगच्या काउंटरवरही लोक ते मलाच ऐकवून जातात. तरी ते चूकच आहे. दाबलेल्या तर दोन्ही असतात. जेपेगचं (जेपीईजीचा उच्चार हाच) कामच मुळी फोटो दाबून लहान करणं, मग नाव तीन अक्षरांनी संपो की चार.

नाव बदलून क्वालिटी का जात नाही, तर फाइलचं नाव फाइलच्या आत नसतंच. फोटोचा डेटा डिस्कवर एका ठिकाणी असतो आणि नाव दुसऱ्या ठिकाणी, फोल्डरच्या यादीत. तुम्ही रिनेम करता तेव्हा यादीतली नोंद तेवढी बदलते, फोटोच्या एकाही बाइटला हात लागत नाही. खात्री करायची असेल तर फाइलची एक कॉपी काढा, कॉपीचं नाव बदला आणि विंडोजमधल्या सर्टयुटिल कमांडने दोन्हींचा हॅश काढून बघा. आकड्या-अक्षरांची ती लांबलचक ओळ दोन्हीकडे तंतोतंत सारखी येते. आत एक बिट जरी इकडचं तिकडे झालं असतं तर ती ओळ पार बदलली असती.

मग दोन स्पेलिंगं आली कुठून? जेपेग हे फाइलचं नाव नव्हे, एका समितीचं नाव आहे: जॉइंट फोटोग्राफिक एक्स्पर्ट्स ग्रुप. ही समिती १९८६ मध्ये बसली आणि तिचं मानक १९९२ मध्ये आलं. आद्याक्षरं चार, म्हणून जेपीईजी. त्या मानकात फोटो दाबायचा आणि उलगडायचा कसा हे बारकाईने दिलं होतं, फाइलच्या नावाशेवटी काय लिहायचं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. (जाता जाता: या दाबण्याच्या मुळाशी जे गणित आहे, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, ते १९७४ मध्ये मांडणाऱ्या तिघांत पहिलं नाव बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांचं आहे.) नाव लिहायची वेळ आली ती लोकांच्या टेबलावर. आणि १९९२ साली बहुतेक टेबलांवर डॉस होतं, म्हणजे कम्प्युटर चालवणारी तेव्हाची यंत्रणा.

डॉसमध्ये फाइलचं नाव जास्तीत जास्त आठ अक्षरं, मग टिंब, मग जास्तीत जास्त तीन अक्षरं. ही कोणाची आवडनिवड नव्हती, जागाच तेवढी होती. डॉसच्या फ्लॉपीवर प्रत्येक फाइलची नोंद बरोबर ३२ बाइटची असे, आणि तिथे एका अक्षराला एक बाइट लागे. पहिले ८ बाइट नावाला, पुढचे ३ प्रकाराला. मग एक बाइट 'ही फाइल लपवलेली आहे का, फक्त वाचण्यापुरती आहे का' अशा खुणांना. पुढे वेळ, तारीख, डेटा फ्लॉपीवर कुठून सुरू होतो तो क्रमांक, आणि शेवटचे ४ बाइट फाइलच्या आकाराला. गंमत म्हणजे त्या नोंदीत टिंब लिहिलेलंच नसायचं, ते स्क्रीनवर दाखवताना मध्ये घातलं जायचं. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर मुख्य यादीत अशा २२४ नोंदी मावत. चौथं अक्षर लिहायचं म्हटलं तर ते खुणांच्या बाइटवर जाऊन बसलं असतं. म्हणून 'ई' गळला आणि जेपीजी झालं. टिफ या फोटोच्या दुसऱ्या प्रकाराचा एक 'एफ' गळून टीआयएफ झालं, वेबच्या एचटीएमएल पानांचं एचटीएम झालं, एमपीईजी व्हिडिओंचं एमपीजी झालं. सगळ्यांची कहाणी एकच.

पण प्रकाराला तीनच बाइट का, चार का नाहीत? डॉसने हा साचा गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या आधीच्या यंत्रणेवरून उचलला, आणि सीपी/एमवर डेक कंपनीच्या मोठ्या यंत्रांची छाप होती. डेकच्या पीडीपी-१० यंत्रात एका वेळी हाताळायचा आकडा, ज्याला वर्ड म्हणतात, तो ३६ बिटांचा असे. एका अक्षराला ६ बिट धरले की एका वर्डमध्ये सहा अक्षरं बसत, ते फाइलचं नाव. प्रकाराला अर्धा वर्ड, म्हणजे १८ बिट, म्हणजे तीन अक्षरं. किल्डॉल यांनी नाव सहाचं आठ केलं, प्रकार तीनच ठेवला. ते तीन पुढे डॉसमध्ये आले, डॉसमधून विंडोजमध्ये, आणि विंडोज बघत मोठ्या झालेल्या प्रोग्रामरच्या हातून तुमच्या फॉर्ममध्ये.

आपल्याकडे याचा नमुना रोज डोळ्यांसमोर आहे. सरकारदरबारी वडोदरा होऊन कित्येक दशकं लोटली, आपण मराठी माणसं घरात अजून बडोदंच म्हणतो, आणि रेल्वेच्या तिकिटावर स्टेशनचा कोड आजही बीआरसी. गाडी तिन्ही नावांनी त्याच फलाटावर येते.

ज्यांच्याकडे डॉस नव्हतं त्यांना ही अडचण नव्हती. युनिक्सवर टिंबानंतरचा भाग हा नावाचाच एक तुकडा, त्याला वेगळा खण नाही. तिथे चारही अक्षरं सुखाने लिहिता येत. ॲपलच्या जुन्या मॅकवर तर एक्स्टेन्शनची, म्हणजे टिंबानंतरच्या या अक्षरांची, गरजच नव्हती. तिथे प्रत्येक फाइलसोबत चार अक्षरी 'टाइप' आणि चार अक्षरी 'क्रिएटर' असे दोन कोड वेगळे ठेवले जात, आणि त्यावरून यंत्राला कळे की हा फोटो आहे आणि तो कशात उघडायचा. मॅकवाल्याने पाठवलेली फाइल डॉसवर आली की तिला शेपूटच नसायचं आणि ती उघडता उघडत नसे.

तरी एवढ्या सगळ्यांत जेपीजीच का पसरलं? कारण फाइल सगळीकडे चालायची असेल तर सगळ्यांत अडचणीत असलेल्याला सोसेल असं नाव द्यावं लागतं. जेपेग उघडणारा जो फुकट कोड जगभर वापरला गेला, इंडिपेन्डन्ट जेपेग ग्रुपचा लिबजेपेग, तो १९९१ मध्ये पहिल्यांदा आला. त्याच्या सोर्स फाइलींची नावं बघा: एकूण एक नाव आठ अक्षरांच्या आत कोंबलेलं, स्वर गाळून गाळून. डॉसवाल्याच्या फ्लॉपीवरही तो कोड उतरला पाहिजे, हा हिशोब.

मग विंडोज ९५ आलं आणि नावाला २५५ अक्षरांपर्यंत मोकळीक मिळाली. इथे खरं तर प्रकरण मिटायला हवं होतं. पण जुने प्रोग्राम चालत राहावेत म्हणून विंडोजने प्रत्येक लांब नावामागे एक छोटं, जुन्या मापाचं नाव गुपचूप बनवायला सुरुवात केली. समजा तुम्ही इंग्रजीत 'गणपतीफोटो.जेपीईजी' असं नाव दिलं. विंडोज त्याची पहिली सहा अक्षरं घेतं, पुढे ~१ लावतं आणि एक्स्टेन्शनची पहिली तीन अक्षरं उचलतं. झालं 'गणपत~१.जेपीई'. जेपीजी नव्हे, जेपीई! कारण यंत्राला मधला 'ई' गाळायची अक्कल नाही, ते फक्त शेपूट कापतं. जेपीई हे तिसरं स्पेलिंग पेंटच्या आणि फोटोशॉपच्या सेव्ह करायच्या यादीत दिसतं, आणि लोकांना वाटतं हा कुठला तरी वेगळा फॉरमॅट. नाही, तोच आहे.

ही छुपी नावं अजून बऱ्याच कम्प्युटरांत, निदान सी ड्राइव्हवर, बनत असतात आणि कधी कधी चावतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'सगळ्या टीआयएफ फाइली दाखव' अशी आज्ञा दिली की दोन 'एफ'वाल्या फाइलीही यादीत येतात, कारण त्यांचं छुपं नाव टीआयएफने संपतं. दाखवण्यापुरतं ठीक. पण हीच आज्ञा पुसण्याची दिली तर दोन्ही जातात. उलट 'सगळ्या जेपीजी दाखव' म्हटलं तर जेपीईजी येत नाहीत, कारण त्यांचं छुपं नाव जेपीईने संपतं. स्कॅनचं काम करणाऱ्या पोरांना मी सांगून ठेवलंय की पुसायचं ते माउसने, डोळ्यांनी बघून.

कॅमेऱ्यांनी जेपीजीवर कायमचा शिक्का मारला. १९९८ मध्ये जपानी कंपन्यांनी कॅमेऱ्यातल्या फाइलींसाठी डीसीएफ नावाचा नियम ठरवला, म्हणजे एका कॅमेऱ्याचं कार्ड दुसऱ्यात किंवा प्रिंटरमध्ये घातलं तरी फोटो सापडावेत. डीसीआयएम नावाचं फोल्डर त्याच नियमातलं, ते आजही तुमच्या मोबाइलमध्ये आहे. त्या नियमानुसार नाव आठ अक्षरांचं, त्यातली शेवटची चार म्हणजे ०००१ ते ९९९९ असा आकडा, आणि पुढे कॅपिटलमध्ये जेपीजी. आज कार्डं ६४ आणि १२८ जीबीची आहेत, त्यांच्यावर लांब नावं मजेत मावतात, तरी कॅमेरा त्याच मापात लिहितो. ९९९९ झाले की पुन्हा ०००१. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर एकाच कंपनीचे दोन कॅमेरे घेऊन शूट करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. दोन्ही कार्डं एकाच फोल्डरमध्ये उतरवली आणि 'रिप्लेस'ला हो म्हटलं की एका कॅमेऱ्याचे फोटो दुसऱ्याखाली गडप.

तीन अक्षरांची ही सवय किती चिवट आहे ते बघा. २०२० च्या सुमारास कॅनन आणि सोनीने आपल्या कॅमेऱ्यांत नवा एचईआयएफ फॉरमॅट आणला. त्यांनी एक्स्टेन्शन काय ठेवलं? एचआयएफ. पुन्हा मधला 'ई' गायब. याच घराण्याच्या फाइलींना आयफोन मात्र चार अक्षरी एचईआयसी लिहितो. म्हणजे पुढच्या पिढीच्या प्रश्नांची सोय आत्ताच झालेली आहे.

आता ताईंच्या फोटोकडे. व्हॉट्सॲप अँड्रॉइड मोबाइलवर आलेला फोटो साठवतं तेव्हा जेपीजी लिहितं, आणि तोच फोटो लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेबमधून उतरवला की 'व्हॉट्सॲप इमेज', तारीख, वेळ आणि शेवटी जेपीईजी. इथे तारीख-वेळेतले टिंब वेगळे आणि एक्स्टेन्शनचा टिंब वेगळा, शेवटच्या टिंबानंतरचं तेवढं खरं एक्स्टेन्शन. कोणी तरी कुठल्या तरी वर्षी एका ॲपमध्ये एक लिहिलं, दुसऱ्यात दुसरं लिहिलं, त्यात आणखी अर्थ शोधू नये.

आणि पोर्टलने नाकारलं ते का? बहुतेक अशा पोर्टलांत 'चालणारी एक्स्टेन्शनं' अशी एक यादी प्रोग्रामरने हाताने लिहिलेली असते. त्यात त्याने जेपीजी लिहिलं आणि जेपीईजी लिहायचं राहिलं की संपलं. फोटो उघडून आत काय आहे हे ते बघतच नाही, फक्त शेवटची अक्षरं जुळवतं. काही ठिकाणी तर फाइल निवडायच्या खिडकीत जेपीईजी फाइली दिसतच नाहीत, आणि माणूस 'फोटो गेला कुठे' म्हणून सगळे फोल्डर उलथेपालथे करतो. हे वाचणाऱ्यांत कोणी पोर्टल बनवणारं असेल तर एक विनंती: यादीत एक्स्टेन्शनऐवजी 'इमेज/जेपीईजी' हा माइम प्रकार द्या, सगळी स्पेलिंगं आपोआप आत येतात. आणि सर्व्हरवर पोचल्यावर पहिले बाइट तपासा. शेवटच्या तीन अक्षरांवर भरवसा ठेवणं सुरक्षेच्या दृष्टीनेही धोक्याचं आहे, २००० च्या मे महिन्यात 'आय लव्ह यू' व्हायरस टीएक्सटीचं (साध्या मजकुराचं) शेपूट दाखवून आणि खरं व्हीबीएसचं (चालणाऱ्या प्रोग्रामचं) शेपूट लपवूनच जगभर घुसला होता.

इथे एक लक्ष्मणरेषा आहे, ती पक्की ध्यानात ठेवा. जेपीईजीचं जेपीजी केलं तर चालतं, कारण आतला माल तोच. पण पीएनजीचं किंवा आयफोनच्या एचईआयसीचं नाव बदलून जेपीजी केलं तर आतला माल बदलत नाही. गोंधळ असा होतो की काही ॲप्स नावाकडे न बघता आतले बाइट वाचून फोटो उघडून दाखवतात, म्हणून तुम्हाला वाटतं जमलं. पोर्टल मात्र शहाणं असेल तर नाकारतं, आणि अर्धवट शहाणं असेल तर घेतं आणि हॉल तिकिटावर फोटोच्या जागी कोरी चौकट येते. ते जास्त वाईट. एचईआयसीला कन्व्हर्टच करावं लागतं. आयफोनवाल्यांनी सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्समध्ये जाऊन 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की पुढचे फोटो जेपेगमध्येच निघतात.

फाइल आतून खरी कोण आहे हे ओळखायचं असेल तर नोटपॅड पुरतं. फोटोची एक कॉपी काढा, तिच्यावर राइट क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडा. सगळा चिनी-अरबीसारखा कचरा दिसेल, घाबरू नका, फक्त पहिली ओळ बघा. जेपेगमध्ये दोन-चार विचित्र खुणांनंतर इंग्रजीत जेएफआयएफ किंवा एक्झिफ ही अक्षरं स्वच्छ दिसतात. पीएनजीत एका खुणेनंतर थेट पीएनजी लिहिलेलं असतं. जिफमध्ये जीआयएफ८९ए, वेबपीत आरआयएफएफ आणि थोडं पुढे वेबपी, आयफोनच्या फाइलीत एफटीवायपी आणि लगेच एचईआयसी. खरं तर जेपेगची ओळख त्या अक्षरांच्याही आधीचे तीन बाइट आहेत, सोळाच्या अंकपद्धतीत एफएफ, डी८, एफएफ, आणि प्रत्येक धड जेपेग एफएफ, डी९ ने संपतो. सर्व्हर आणि चांगले प्रोग्राम हेच वाचतात. बघून झालं की नोटपॅड बंद करा, सेव्ह विचारलं तर नाही म्हणा. सेव्ह केलंत तर ती कॉपी गेली कामातून.

जेएफआयएफ हे नाव आलंच आहे तर चौथ्या स्पेलिंगचंही सांगून टाकतो. जेपेगच्या मानकात फाइलचा साचा पुरता बांधलेला नव्हता, म्हणून सी-क्यूब कंपनीतल्या एरिक हॅमिल्टन यांनी १९९२ मध्ये एक छोटा, सुटसुटीत साचा लिहून दिला, तो जेएफआयएफ. हे आतल्या साच्याचं नाव, फाइलच्या शेपटाला लावायचं कोणाच्या मनात नव्हतं. पण विंडोज १० वर क्रोममधून फोटो सेव्ह केला की कित्येकांकडे नाव जेएफआयएफने संपतं. कारण विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या सेटिंग्जच्या यादीत, इमेज/जेपीईजी या प्रकारासमोर पसंतीचं एक्स्टेन्शन म्हणून ते लिहिलेलं असतं आणि ब्राउझर ते मुकाट उचलतो. एखाद-दुसरी फाइल असेल तर रिनेम करून जेपीजी करा. रोजचाच त्रास असेल तर जाणकाराकडून रजिस्ट्रीतली ती किंमत जेपीजी करून घ्या. कन्व्हर्ट करणाऱ्या फुकट साइटवर घरच्यांचे फोटो चढवायची याच्यासाठी तरी काही गरज नाही.

क्वालिटी खरोखर जाते ती कशाने, हे सांगितल्याशिवाय स्टुडिओवाल्याचा मुद्दा पुरा होणार नाही. जाते ती पुन्हा पुन्हा 'सेव्ह ॲज' केल्याने. जेपेग फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला डोळ्याला कमी जाणवणारा बारीक तपशील गोल आकड्यांत बसवून टाकतं. एकदा टाकलेला तपशील परत येत नाही, आणि प्रत्येक वेळी फाइल उघडून, थोडी छाटून पुन्हा सेव्ह केली की ही काटछाट नव्याने होते. पैठणीच्या जरीकाठावर ते पटकन दिसतं: आधी बुट्ट्यांची धार मऊ पडते, मग सोनेरीत हिरवट-जांभळे चौकोन उगवतात. लग्नपत्रिकेचा फोटो असेल तर अक्षरांभोवती मळकट ठिपक्यांची झालर येते. कित्येक घरांत पत्रिकेची अशी फाइल दहा जणांच्या मोबाइलमधून फिरून, प्रत्येकाने थोडी छाटून, शेवटी आमच्याकडे 'जरा मोठी करून छापा' म्हणून येते. तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, डिझाइन करणाऱ्याकडची मूळ फाइल मिळेल का? शेवटी जेपीजी आहे की जेपीईजी हे मी बघतही नाही.

इथल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीची मुलं चित्रांचे स्कॅन घ्यायला येतात, त्यांना मी टिफ देतो. त्याचीही दोन स्पेलिंगं, एक 'एफ' आणि दोन 'एफ', आणि तीही सारखीच. मात्र टिफमध्ये स्पेलिंगपेक्षा आतला मामला भारी आहे. १९८६ मध्ये आल्डस कंपनीने तो काढला तेव्हाच तो लवचीक ठेवला होता: एकाच एक्स्टेन्शनच्या आत न दाबलेला फोटो असू शकतो, एलझेडडब्ल्यू या पद्धतीने दाबलेला असू शकतो, एवढंच काय, आत जेपेगही असू शकतो. बाइट कोणत्या क्रमाने लिहिले याच्याही दोन रीती, नोटपॅडमध्ये पहिली दोन अक्षरं आयआय दिसली तर इंटेलची, एमएम दिसली तर मोटोरोलाची. म्हणून प्रेसवाल्याने 'टिफ उघडत नाही' म्हटलं तर स्पेलिंग बदलून उपयोग नाही. दाबण्याची पद्धत विचारा.

पीएनजीला ही भानगडच नाही. १९९६ मध्ये त्याचा पहिला नियम आला तेव्हा नावच तीन अक्षरांचं होतं.

कॅपिटल आणि स्मॉलचं मात्र थोडं बोललं पाहिजे. डॉस नावं कॅपिटलमध्येच ठेवी, म्हणून जुन्या लग्नाच्या सीडीवर आणि कॅमेऱ्याच्या कार्डावर जेपीजी ठळक कॅपिटलमध्ये असतं. विंडोजला कॅपिटल-स्मॉल सारखंच. पण वेबसाइटं बहुतेक लिनक्स सर्व्हरवर असतात आणि लिनक्सला ती दोन वेगळी नावं वाटतात. इथल्याच एका मंडळाच्या साइटवर गणेशोत्सवाचे सगळे फोटो कोरे दिसत होते. ज्याने पान बनवलं त्याच्या घरच्या कम्प्युटरवर सगळं नीट. कॅमेऱ्याच्या फाइलींत कॅपिटल जेपीजी, पानात त्याने स्मॉल लिहिलेलं. सगळी नावं स्मॉल करून टाकली, फोटो आले. काही फॉर्मच्या याद्याही अशाच काटेकोर असतात, म्हणून फॉर्मसाठी नाव नेहमी स्मॉल, इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता.

तर ताई, आता असं करा. आधी फाइल एक्स्प्लोररमध्ये वर 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा (विंडोज ११ वर ते 'व्ह्यू'च्या आत 'शो'मध्ये आहे). हे आधी का, तर विंडोज एक्स्टेन्शन लपवून ठेवतं. ते लपलेलं असताना तुम्ही नावापुढे जेपीजी टाइप केलंत तर फाइलचं खरं नाव होतं 'फोटो.जेपीजी.जेपीईजी'. तुम्हाला दिसतं जेपीजी, पोर्टलला दिसतं जेपीईजी, आणि संध्याकाळ जाते. टिक झाली की फाइल निवडून एफ२ दाबा, 'ई' खोडा, एंटर. विंडोज घाबरवतं की एक्स्टेन्शन बदललं तर फाइल निकामी होईल. ते सगळ्यांनाच तसं म्हणतं, 'येस' करा. पुष्कळ फाइली असतील तर त्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत 'रेन *.जेपीईजी *.जेपीजी' अशी एक ओळ द्या, एका झटक्यात सगळ्यांची नावं बदलतील.

एवढं करूनही लाल अक्षरं आली तर अडचण नावाची नाही, वजनाची असेल. बरेच फॉर्म फोटो २० ते ५० केबीत मागतात आणि मोबाइलचा फोटो दोन-तीन एमबीचा असतो. चूक वजनाची असली तरी संदेश सरसकट 'फाइल चालत नाही' एवढाच येतो. अशा वेळी क्वालिटीचा काटा एकदम तळाला नेऊ नका, चेहऱ्यावर चौकोन येतात. आधी फोटो मापात छाटा, मग पिक्सेल कमी करा. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो २०० डीपीआयला (एका इंचात २०० ठिपके) सुमारे २७६ बाय ३५४ पिक्सेल होतो, आणि एवढ्या पिक्सेलांत चांगल्या क्वालिटीचा चेहराही ५० केबीच्या आत बसतो. हे सगळं मूळ फोटोच्या कॉपीवर आणि एकाच वेळी सेव्ह करून. सहीचंही तसंच: पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या पेनाने, खिडकीजवळच्या उजेडात फोटो काढा, सावली पडू देऊ नका, कडेकडेने छाटा. रेघांच्या वहीच्या पानावर सही करू नका, रेघांनी केबी वाढतात आणि सही त्यात हरवते.